कामाक्षीचं ऊन

आमच्या घरमालकीण विशालाक्षीकाकू हट्टी आहेत, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं कौतुक ऐकून तुम्हाला वाटेल, गरीब गाय असतील. तसलं काही नाही. सत्तरी उलटली तरी त्या नाकावर माशी बसू देत नाहीत. तंजावरचं मराठी घराणं, चेन्नईत कित्येक पिढ्या, आणि मराठी असं की सांगलीहून आलेल्या मला सुरुवातीला निम्मं कळायचंच नाही. मी अंबत्तूरला नोकरी करते आणि त्यांच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहते.

गल्लीत चहूबाजूंनी उंच इमारती उठल्यात. दिवसभर ऊन मिळतं ते फक्त काकूंच्या गच्चीवर. म्हणून उन्हाळा लागला की सगळ्या बायका वडाम घालायला तिथे येतात. वडाम म्हणजे आपल्या कुरडया-पापड्यांसारखंच वाळवण. तांदळाचं पीठ शिजवायचं, जुन्या धोतरावर पळीने घालायचं आणि कावळे येऊ नयेत म्हणून शेजारी काळी छत्री उघडून ठेवायची. बाकीच्या घरापुरते करतात. कामाक्षीचं मात्र पोट त्यावर आहे. नवरा गेल्यापासून ती नुंगंबाक्कमच्या खानावळींना वडाम विकते आणि वर्षभराचा माल उन्हाळ्यातच वाळवून ठेवते. काकूंची गच्ची गेली तर तिची चूल बंद, इतकं सरळ आहे ते.

मागच्या मे महिन्यात कामाक्षी माल पोचवायला गेली होती. काकू तिच्या वडामांची राखण करत उन्हात बसल्या आणि तिथेच घेरी येऊन पडल्या. डॉक्टरांनी बजावलं, उन्हात अजिबात बसायचं नाही. मुलाने, व्यंकटेशने, लगेच त्यांच्या खोलीत एसी बसवला. दोन महिन्यांनी विजेचं बिल आलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. मग सोलरचं निघालं. कंपनीचा माणूस येऊन गच्ची मोजून गेला. आठ पॅनल लागणार होते, म्हणजे अख्खी गच्चीच.

"आणि कामाक्षीचं?" काकूंनी विचारलं.

"आई, बँकेचं कर्ज काढतोय मी. अनुदान नंतर कधीतरी येणार. आपल्या घराचं बघू की गल्लीचं?"

"तिला जागा मीं दिली आहे. दिलेलं परत घ्यायचं आपल्यांत नाही."

शेवटी व्यंकटेशनेच तोड काढली. लोखंडी सांगाडा उंच करायचा, पॅनल वर, खाली गच्ची मोकळी. त्याचा खर्च एवढा निघाला की तो कर्जात बसेना. काकूंनी काशीयात्रेसाठी जमवलेले पैसे काढून त्याच्या हातात ठेवले. आणि सांगाड्याची उंची कशी ठरली ठाऊक आहे? कामाक्षीला गच्चीत उभं करून, हात वर करून छत्री उघडायला लावली. छत्री लागता कामा नये. आम्ही सगळे माना डोलवत होतो.

मार्च उजाडला. कामाक्षीने पहाटे येऊन धोतरं अंथरली, वडाम घातले. सुट्टी होती म्हणून मीही मदतीला होते. ऊन डोक्यावर आलं तरी पीठ ओलंच. आम्ही वर पाहिलं. आठ पॅनल आपलं काम चोख करत होते. उन्हाची तिरीप खाली पडू देत नव्हते.

छत्रीची उंची मोजली सगळ्यांनी, उन्हाचा विचार एकालाही सुचला नाही. मला तर हसावं की रडावं कळेना. काकूंची काशी आम्ही सावली विकत घेण्यात घालवली होती. कामाक्षी ओली धोतरं गुंडाळायला लागली आणि दुसरी गच्ची बघते म्हणाली. कुठे बघणार होती?

काकू कठड्याला धरून जिना चढून आल्या. खाली बघितलं, वर बघितलं.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "अर्धे काढा."

व्यंकटेशचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुझ्यासाठी बसवलेत ते. दुपारचा एसी कशावर चालवू? आणि हप्ते तर सगळ्यांचेच भरायचेत."

"नको चालवूं. मला गार वाटावं म्हणून हिची चूल विझवायची? असला गारवा मला सोसणार नाही."

चार पॅनल निघाले. दोन जिन्याच्या खोलीवर बसले, दोन अजून खाली स्कूटरशेजारी भिंतीला टेकून उभे आहेत. दुपारचा एसी बंद झाला. मला भयंकर राग आला, काकूंचा आणि त्या कामाक्षीचाही. एकदा पडून झालंय ना? चांगुलपणालाही काही मर्यादा असते की नाही? हे सगळं तोंडावर सुनवायचं ठरवून एका शनिवारी दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले, तर खोली रिकामी. व्यंकटेशही आईला हाका मारत होता. आम्ही दोघं धावतच गच्चीवर गेलो.

उरलेल्या चार पॅनलच्या खाली, दाट सावलीत, काकू प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. समुद्राचा वारा सुटला होता. हातात कामाक्षीची काळी छत्री, मिटलेली, कावळ्यांवर उगारायला. सावली संपत होती तिथून पुढे पांढरी धोतरं आणि रखरखीत उन्हात वाळणारे वडाम. कामाक्षी माल पोचवायला गेली होती.

"आई, डॉक्टर काय म्हणाले होते?" व्यंकटेशने धापा टाकत विचारलं.

"उन्हांत बसूं नको म्हणाले," काकू म्हणाल्या. "मीं कुठे बसले आहे उन्हांत?"

त्याने वर पॅनलकडे पाहिलं. मग खाली जाऊन दुसरी खुर्ची घेऊन आला.