बिनखिळ्याची मांडणी

पुंजारामाला स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. जेवतानासुद्धा तो दोनदा उठायचा. सायखेड्याहून नाशकात आल्यापासून अकरा वर्षांत त्यानं सहा बिऱ्हाडं बदलली होती. खरं तर बदलावी लागली होती, पण तसं तो कधी म्हणायचा नाही.

या अकरा वर्षांत त्याच्या बायकोनं, शकुबाईनं, आपली पत्र्याची पेटी एकदाही तळापर्यंत उपसली नव्हती. लागेल तेवढं काढायची, काम झालं की पुन्हा आत. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, उचलायला सोपं जातं.

त्र्याऐंशी साली नाशकातच अंबडजवळ त्यांचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर झालं. आतल्या खोलीच्या भिंतीत एक खोल कपाट होतं, पण फळ्या नव्हत्या. पुंजारामाच्या कारखान्यात दुकानांसाठी तारेच्या जाळीच्या फळ्या बनत. त्यातल्या तीन नापास फळ्या तो साहेबांना विचारून, गेटपास करून घरी घेऊन आला. मनात एकच होतं, शकूची पेटी रिकामी व्हायला हवी. त्याशिवाय हे घर आपलं झालंसं त्याला वाटत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला तो कामाला लागला. कपाट मोजलं, पुन्हा मोजलं, बाहेर जाऊन आला, तिसऱ्यांदा मोजलं. फळ्या भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडी आणि स्क्रू डब्यात तसेच पडून राहिले. गिरमिट उचलायचं, भिंतीला टोक लावायचं आणि तंबाखू शोधायला उठायचं, असं चाललं होतं. आठ आठ तास लोखंडाला भोकं पाडणारा हा गडी साध्या विटेपुढं अडला होता.

कारण जुनं होतं. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या पहिल्या खोलीत घरमालकिणीनं बजावलं होतं, भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यानं एकच मारला, बुद्धांच्या तसबिरीसाठी. आठवड्याच्या आत खोली खाली करायचा निरोप आला. एका खिळ्यापायी घर गेलं, असं तो नंतर ज्याला त्याला सांगायचा. पुढच्या पाच बिऱ्हाडांत त्यानं हातोडी बाहेर काढलीच नाही. आरसा खिडकीत राहिला आणि तसबीर पेटीवर टेकलेली.

शेवटी त्यानं आपली अक्कल चालवली. लाकडाच्या पाचरी ठोकून तिन्ही फळ्या दोन भिंतींच्या मध्ये घट्ट बसवल्या. भिंतीला साधा ओरखडाही नाही. हलवून पाहिलं, समाधान होईना, पुन्हा हलवलं. मग शकुबाईला हाक मारली.

तिनं माहेरचा पितळी तांब्या ठेवला, ताटं ठेवली, लुगड्यांची चवड रचू लागली. तिसऱ्या लुगड्याला वरची फळी सुटली आणि खालच्या दोन्ही फळ्यांना घेऊन धाडकन खाली आली. तांब्याला पोचा पडला. शकुबाई खाली बसून एकेक वस्तू पेटीत भरू लागली.

पुंजारामानं पेटीचं झाकण धरलं. "शकू, नको ना भरू," तो म्हणाला. "खिळा नाय मारायचा म्हणून असं केलं. एका खिळ्यानं घर गेलं व्हतं आपलं."

"खिळ्यानं नव्हतं गेलं," शकुबाई म्हणाली. "खिळ्याला टांगलेली तसबीर पाह्यली त्या बाईनं. आपण कोण ते कळलं तिला. तुमालाबी ठावं हाय."

त्याला ठाऊक होतंच. पण दोष खिळ्याचा असला तर माणूस खिळा मारायचं सोडू शकतो. दोष दुसऱ्या कशाचा धरला, तर काय सोडायचं? हे त्याला अकरा वर्षं कुणाला सांगता आलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

शकुबाईनं पेटीत हात घातला आणि तळातून एक चिंधी काढली. तिच्यात खिळा होता, द्वारकेच्या खोलीतला, जरा वाकलेला. निघताना तिनंच तो उपटून घेतला होता. तिनं हातोडी उचलली आणि कपाटाच्या वर तो ठोकला. गिलावा सांडला, खिळा तिरपा गेला, पण बसला. त्याच्यावर तिनं तसबीर लावली.

मग पुंजारामानं गिरमिट हातात घेतलं ते दिवस कलेपर्यंत खाली ठेवलं नाही. पकडी बसल्या, तिन्ही फळ्या चढल्या. शकुबाईनं पेटी तळापर्यंत उपसली, पोचा पडलेला तांब्या पुढं मांडला आणि चूल पेटवायला गेली.

पुंजारामानं रिकामी पेटी उचलून बाहेर ओट्यावर नेली. तिच्यावर तो बसला, आणि चहा येईपर्यंत उठला नाही.