मुंजाजीमामांनी निवडलेलं यंत्र

बीडला बिंदुसरा नदीच्या काठी मुंजाजीमामा राहायचे. मोडलेली हाडं बसवणं हे त्यांचं काम. उडदाच्या पिठाचा लेप देऊन वर बांबूच्या कामट्या बांधायचे, म्हणून नखं कायम पांढरी. कुणी काही दिलं तर घेत, नाही दिलं तर "जा, जपून वापर हात," एवढंच म्हणत.

माझी त्यांची ओळख हातामुळेच झाली. निजामाच्या अमलात आमची नाटक कंपनी मराठवाडाभर फिरायची आणि मी नायिकेची कामं करायचो. तेव्हा बायकांची कामं पुरुषांकडेच असत. बीडच्या एका खेळात लुगड्यात पाय अडकून मी जिन्यावरून पडलो आणि डावा हात मनगटाच्या वर मोडला. मामांनी तो बांधला. सहा आठवड्यांनी कामट्या सुटल्या, दुखणं गेलं, पण तळवा काही वर वळेना. प्रसादाला हात पुढे केला तर तो तिरपाच राही. मी त्याचीच एक अदा केली. तिरपा हात गालाशी धरून असा काही लाजायचो की तंबू टाळ्यांनी दणाणायचा. त्या मुक्कामात मामाही पुढे बसून टाळ्या पिटायचे. त्यांना खरं सांगणं माझ्या जिवावर आलं.

सात वर्षांनी पुन्हा बीडचा मुक्काम पडला. अर्जुनराव डॉक्टरांनी नवा छोटा दवाखाना काढला होता आणि त्यांना एक्स-रेचं यंत्र घ्यायचं होतं. कातडी न कापता आतल्या हाडाचा फोटो! बाजारात दुसरा विषय नव्हता. मुंबईचा एजंट दाखवायला दोन यंत्रं घेऊन आला. एक कपाटाएवढं, सागवानी, पितळी कड्यांचं. दुसरं लोखंडी, टांग्यात मावेल असं, दिसायला अगदीच गरीब. दवाखान्यात वीज नव्हती. आमच्या कंपनीचे मिस्त्री सलीमभाई यांनी तंबूतले दिवे लावायचं इंजिनच मागच्या अंगणात आणून बसवलं.

डॉक्टरांनी मामांना मुद्दाम बोलावून घेतलं. "मामा, हाड मोडलेला माणूस आधी तुमच्याकडं येतो. तुम्ही पाठवलं तरच तो माझ्या यंत्राखाली झोपेल. तेव्हा निवड तुम्ही करा."

मामांनी दोन्ही यंत्रांभोवती फेऱ्या मारल्या, ठोकून पाहिलं, वाकून वास घेतला. "ह्याचा डोळा कुठं हाय?"

"डोळा नसतो याला," एजंट हसला.

"मग माज्यासारखंच की. मी बी डोळे मिटूनच बघतो."

परीक्षेसाठी मोडून जुळलेला हात हवा होता. मामांनी मोठ्या अभिमानानं मला पुढे केलं. आसपासची गावं ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत, त्या माणसाची आता चारचौघांत फजिती होणार होती, आणि ती माझ्याच हातानं.

फोटो निघाले. अंधाऱ्या खोलीत धुऊन, ओलेच, खिडकीशी धरले. मोठ्या यंत्राचा फोटो धुक्यासारखा पांढुरका होता. त्यात हाड सरळ भासत होतं.

"वा मामा! काठीवानी बसवलंय!" सलीमभाई ओरडले.

"हेच घ्या," एजंट म्हणाला. "दवाखान्याची शान वाढेल."

मग लहान यंत्राचा फोटो पाहिला. त्यात हाताची दोन हाडं रेखल्यासारखी उठली होती. एक वाकलेलं, गाठ आलेलं, दुसऱ्याला टेकलेलं.

"लहान यंत्र आहे, चुकत असेल," एजंट पुटपुटला.

मामांनी डोळे मिटले आणि माझ्या हातावरून अंगठा फिरवला. गाठीवर तो थांबला. "ह्यो फोटो खरा हाय. त्या थोरल्याला दिसत न्हाई."

"थोरल्याला आपलं इंजिन पुरंना," सलीमभाई म्हणाले. "हत्तीचा खुराक लागतो त्याला."

डॉक्टर हळूच म्हणाले, "मामा, हे लहान घेतलं तर तुमचं प्रत्येक काम त्यात उघडं पडेल."

"म्हणून तर घ्या." मग ते माझ्याकडे वळले. "तळवा वर कर."

मला जमलं नाही.

"का सांगितलं न्हाई रं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, मामा."

"अन् सात वर्सं मी तसंच बांधत ऱ्हायलो, त्याचं काय? टाळ्या पिटल्या मी, येड्यावानी!"

माझी मान खाली गेली. पण मामांना रागवायलाही सवड नव्हती. बाही सारून त्यांनी स्वतःचा धड हात यंत्राखाली ठेवला. "माजे दोन काढा. एकदा तळवा वर, एकदा खाली."

तळवा वर होता तेव्हा दोन्ही हाडं बैलजोडीसारखी शेजारी शेजारी होती. तळवा खाली करताच ती कात्रीसारखी एकमेकांवर आली. मामा फोटो बघत, आपला हात उलटा-सुलटा करत, पुन्हा फोटो बघत. "चाळीस वर्सं हात चाचपले, पन ही कात्री गावली न्हाई. मी तर तळवा खाली ठेवूनच बांधतो की, म्हंजे हाडं कात्रीतच जुळत्यात!"

"अंगठा वर राहील असा बांधायचा," डॉक्टरांनी दाखवलं.

मामा ताडकन उठले. "पालीच्या केशरबाईचा हात नऊ दिसाखाली बांधलाय. हाड अजून कच्चं असंल."

ते निघालेसुद्धा. डॉक्टरांनी बॅग उचलली, मी मागे धावलो. "पण ठेवू कोणतं?" एजंट दारातून ओरडला. "लहान!" डॉक्टर टांग्यातून म्हणाले.

पालीत केशरबाई दारात बसून एका हातानं ज्वारी निवडत होत्या. "आता कुठं ठणका थांबला, अन् सोडाया आलास व्हय? वर हे नाटकवालं संगं!"

"चुकलं माजं, केशरबाई. हात उलटा बांधलाय मी."

केशरबाईंनी हात मामांच्या मांडीवर ठेवला. "बांध नीट. पन हे जरा मोठ्यानं बोल, शेजारणीला ऐकू जाऊ दे. तिनंच मला तुज्याकडं धाडलं होतं."

मामा खरंच उठून गल्लीत गेले आणि आमच्या कंपनीत कुणाला साधला नसता अशा खणखणीत आवाजात तेच वाक्य पुन्हा म्हणाले. मग आत आले, पाणी मागितलं आणि कामट्या सोडायला बसले.