तिसाव्या दिवसाचा नियम

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ‘जागावाले काका’ म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, काका जमिनीचे व्यवहार करत असतील. पण काकांच्या ताब्यात होती ती सर्व्हरवरची जागा. तळमजल्यावरच्या गार, अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शक दर दहा मिनिटांनी जिवंत पेशींचे फोटो काढत बसायचा. एकेका प्रयोगाचे फोटो एवढे जड व्हायचे, की अख्ख्या कचेरीचे वर्षभराचे कागद त्यापुढे किस झाड की पत्ती. ते ठेवायचे कुठे, हे बघण्यात काकांची बावीस वर्षं गेली होती.

काका शिस्तीचे. फोटो आधी ‘तात्पुरते’ नावाच्या फोल्डरमध्ये पडत. तिथून ज्याने त्याने निवडून आपल्या कायमच्या कप्प्यात न्यायचे. तीस दिवसांत नेले नाहीत, तर सोमवारी सकाळी मशीन ते आपोआप पुसून टाकायचं. नियम काकांचाच. पूर्वी एकदा डिस्क तुडुंब भरून सगळ्यांचं काम दोन दिवस ठप्प झालं होतं, तेव्हापासूनचा. कोणी कुरकुर केली की ते म्हणत, “फलाटावर कोणी संसार मांडतं का?”

तिथे एक संशोधक मुलगी होती. अंगाने किरकोळ, डब्यातले दोन घास खाऊन परत सूक्ष्मदर्शकाकडे पळायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. भाजलेली कातडी कशी भरून येते, ते ती बघत होती. शस्त्रक्रियेत उरलेले कातडीचे इवलेसे तुकडे तिला रुग्णालयातून मिळत. त्यातल्या पेशी काही दिवस जगत, मग संपत.

एका दुपारी ती काकांच्या टेबलापाशी आली.

“काका, माझा कप्पा भरलाय. थोडी जागा वाढवून द्या ना. या वेळचे फोटो फार चांगले आलेत.”

“आधी घर आवर, मग नवी खोली माग,” काका चष्म्यावरून बघत म्हणाले. “जुनं काय काय साठवलंयस ते बघ एकदा.”

“आवरते,” ती हसून म्हणाली.

आवरायला तिला सवड मिळाली नाही. तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ती तशीच गावी निघून गेली.

मशीनने तिला तीन वेळा इशारा पाठवला. शुक्रवारी पुसायची यादी काकांसमोर आली, तेव्हा नवव्या ओळीत तिचं नाव होतं. तिची खुर्ची तीन आठवडे रिकामी आहे, हे येता-जाता त्यांना दिसत होतं. त्यांनी फोन हातात घेतलाही. मग वाटलं, बाप अंथरुणाला खिळलेला, अशा वेळी फोल्डरचं काय विचारायचं? वाचले असतील तिने निरोप. शिवाय एकीला सूट दिली की उद्या दहाजण रांग लावतील. त्यांनी फोन खाली ठेवला.

सोमवारी सकाळी मशीनने आपलं काम केलं. त्याच आठवड्यात तिचे वडील गेले.

ती परतली ती काळवंडलेल्या चेहऱ्याने. कॉम्प्युटर उघडून बराच वेळ बसली, मग काकांकडे आली.

“काका, त्यात चौदा जणांचे नमुने होते. आठ महिन्यांच्या तयारीनंतर जमले होते.”

“परत नाही का घेता येणार?”

“ते तुकडे संपले. ती माणसं बरी होऊन घरी गेली.”

ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. तात्पुरत्या फोल्डरची दुसरी प्रत कुठेच नसते. तरी काका चार दिवस घरी फक्त झोपायला गेले आणि पुसलेल्या डिस्कवरून जे मिळेल ते खरवडून काढत राहिले. हाती लागले ते अर्धेमुर्धे, पट्टे पडलेले फोटो. एकाही जखमेची गोष्ट शेवटपर्यंत दिसत नव्हती.

प्रमुखबाईंनी चौकशी केली आणि सांगितलं, “तुमची काही चूक नाही. तीन इशारे गेले होते.” सगळे तेच म्हणाले. काकांनी मान डोलावली. हातात घेतलेल्या फोनचं ते कोणाजवळ बोलले नाहीत.

चिमणीने नव्याने सुरुवात केली, पण तिच्या संशोधनाची मुदत संपत आली होती आणि घरी आई एकटी होती. पावसाळा सरता सरता तिने काम सोडलं आणि गावाजवळच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली.

त्यानंतर काका दर शुक्रवारी यादीतल्या प्रत्येकाला स्वतः फोन करू लागले. पोरं वैतागायची, “मेल वाचलीय हो काका.” काका म्हणत, “वाचलीस ना? मग पुसायला हो म्हण.”

निवृत्तीच्या आदल्या वर्षी ते एकटेच बस पकडून तिच्या शाळेत गेले. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहून त्यांनी त्या शुक्रवारचं सगळं सांगितलं. नवव्या ओळीचं, फोनचं.

वह्यांचा गठ्ठा तिने या हातातून त्या हातात घेतला.

“तुम्ही फोन केला असता तर मी उचलला असता,” ती म्हणाली. “त्या दिवसांत मी कोणाचाही उचलत होते.”

काकांनी चष्मा काढून पुसला.

“राग नाही, काका. पण ठीक आहे असंही मला म्हणता येत नाही.”

“नको म्हणूस,” काका म्हणाले.

घंटा झाली. तिने त्यांना पाणी आणून दिलं, बसची वेळ सांगितली आणि ती वर्गावर गेली. काका ग्लास हातात धरून तिथेच उभे राहिले. आतून तिचा आवाज येत होता. ती मुलांना पान उघडायला सांगत होती.