हाका मारणारं सूप

आमच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर एक लाकडी स्टूल आहे आणि त्यावर काका बसतात. काका आमचे नात्याचे कोणी नाहीत. माझ्या जन्माच्या आधीपासून ते तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दुकानात बोलावतात, एवढंच त्यांचं काम. "या भाऊ, या बाई, आत या जी. लगन हाय काय घरी?" बाजाराच्या दिवशी ही हाक गोरेगावच्या एसटी स्टँडपर्यंत जाते, असं बाबा सांगायचे. बाबांना वाढवून सांगायची सवय आहे, पण हे मी स्वतः स्टँडवर उतरून ऐकलेलं आहे.

मग काकांचा आवाज बसला. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं, तर काकांनी डॉक्टर बदलला. त्याच सुमारास मी नागपूरहून संगणकाचं शिक्षण आटोपून घरी आले होते आणि दुकानातलं जुनं ते सगळं माझ्या डोळ्यांत खुपत होतं. मी बाबांना म्हटलं, काकांना आता आराम द्या, हाका मारायचं काम यंत्र करील.

"यंत्र पायरीवर बसंल काय?" बाबांनी विचारलं.

मी एका कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने मॉलचा कोणता मजला, असं विचारलं. मजला नाही म्हटल्यावर म्हणाला, "तुमचं गोरेगाव पूर्व की पश्चिम?" मी म्हटलं, आमचं गोंदियाजवळचं गोरेगाव एकच आहे, चारही बाजूंनी धानाच्या बांध्या, भाताची शेतं आहेत. त्याने पत्ता दोनदा लिहून घेतला. मग चार बीकन पाठवले, तरी ते आधी मुंबईला गेले आणि पंधरा दिवसांनी आमच्याकडे आले.

बीकन म्हणजे दिसायला काहीच नाही. पांढरी वाटोळी डबी, कुंकवाच्या करंड्याएवढी, आत घड्याळात घालतात तसला सेल. बाबा आणि काका दोघांना समोर बसवून मी समजावलं. ही डबी ब्लूटूथवरून दर सेकंदाला आपला नंबर ओरडत राहते. आपल्या कानाला ते ऐकू येत नाही, फोनला येतं. ज्याच्या फोनात आपल्या दुकानाचं ॲप आहे, तो फोन नंबर ऐकतो आणि इंटरनेटवरून विचारतो, हा नंबर कोणाचा? उत्तर मिळतं, गोरेगावच्या दुकानातला लग्नाच्या साड्यांचा कोपरा. की लगेच फोनवर निरोप उमटतो, या, शालूवर सूट आहे. आवाज मोठा आला तर गिऱ्हाईक जवळ, बारीक आला तर लांब. कोणत्या कोपऱ्यात किती जण किती वेळ थांबले, ते मला घरबसल्या पडद्यावर दिसतं.

काकांनी डबी कानाला लावून पाहिली. "म्हंजे हे बी हाकच मारते."

"हो."

"अन कोण येऊन राहिला ते पाहते?"

"नाही काका. ते काही पाहत नाही, काही ऐकत नाही. आपला नंबर तेवढा सांगत राहतं."

"येडंच हाय मंग," काका म्हणाले आणि डबी परत दिली.

बाबांनी मधला रस्ता काढला. लग्नाचा हंगाम जाऊ दे, आकडे वाढले तर काका घरी बसतील. हे काकांच्या समोरच ठरलं. काका आपल्या स्टुलावर जाऊन बसले. संध्याकाळी मला एकटीला गाठून एवढंच म्हणाले, "घरी काय करू बाई? सून टीव्ही पाहते. मी सुनेले पाहत बसू?" मी म्हटलं, सवय होईल. तेव्हा मला कोणालाही काहीही सांगता येत असे.

आणि मी आणखी एक आगाऊपणा केला. निरोप येताना फोन नुसता टुणटुण वाजण्यापेक्षा काकांच्याच आवाजात बोलावा, म्हणून त्यांची हाक ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं. काका दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून आले.

"फोटो नाही काढायचा काका, आवाज घ्यायचा आहे."

"आवाजात समजते," काका म्हणाले.

गरम पाणी पीत पीत दहा वेळा हाक मारली, तेव्हा एक जुन्यासारखी खणखणीत निघाली. ती मी ॲपमध्ये घातली.

आता ॲप लोकांच्या फोनात जायला पाहिजे. त्यासाठी मी जाहीर केलं, जो ॲप घेईल आणि ब्लूटूथ चालू ठेवील त्याला खांद्यावर टाकायचा एक दुपट्टा फुकट. आमच्याकडे बस्त्याला, म्हणजे लग्नाची कापडं घ्यायला, नवरानवरीकडची मिळून तीस-चाळीस माणसं येतात. निवडणाऱ्या तिघी, बाकीचे नाश्त्याचे मानकरी. त्या सगळ्यांनी दुपट्टे घेतले. एका मामांनी तीन फोन आणले.

खरी अडचण डब्या लावायची होती. लोखंडी रॅकवर लावली तर रॅकच आवाज अडवी. आरशामागे लावली तर मुकी झाली. आणि बस्त्याची माणसं मध्ये उभी राहिली की विचारायलाच नको. माणसाच्या अंगात पाणी फार, आणि ब्लूटूथच्या लहरी पाण्यात जिरतात. गर्दी मध्ये आली की फोनला वाटे गिऱ्हाईक गेलं, गर्दी हलली की वाटे नवं आलं, आणि तो पुन्हा बोलावू लागे. गोंदियाच्या एक बाई शालू पाहता पाहता वैतागल्या. "अंदर तो आ ही गए हैं, और कितना अंदर आएँ?"

शेवटी जागा सापडली ती सुपाखाली. आमच्या दुकानाची रीत आहे, नवरीचा शालू पिशवीत द्यायचा नाही, नव्या बांबूच्या सुपात द्यायचा. सुपाला हळदीची पाच बोटं लावायची आणि ते काकांच्या हातून नवरीच्या आईच्या हाती जायचं. असं एक सूप लग्नाच्या कोपऱ्यात भिंतीवर शोभेसाठी टांगलेलं होतं. वाळलेला बांबू आवाज अजिबात अडवत नाही. मी त्याच्या पाठीला डबी चिकटवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. हे मी काकांना सांगितलं नाही, कारण काकांना काही सांगायचं असतं हे तेव्हा मला सुचतच नसे.

पुढच्या आठवड्याचे आकडे आले आणि मी घरातून धावतच दुकानात बाबांकडे गेले. लग्नाच्या कोपऱ्यातली माणसं एकदम वाढली होती. बाबांनी चष्मा लावला. काकाही पायरीवरून मान वळवून ऐकत होते, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने वाचलं. एकाच दिवसात एकशे बारा फोन, सरासरी मुक्काम चार तास.

"कोणत्या दिवशी?" बाबांनी विचारलं.

"सोमवारी."

"सोमवारी आपलं दुकान बंद राहते."

मी पडदा पुन्हा पाहिला. सोमवारच होता.

बाबा उठले, मागच्या दाराचं कुलूप ओढून पाहिलं, कौलांकडे पाहिलं. परत येऊन म्हणाले, "एकशे बारा माणसं चार तास आत होती अन एक रुमाल नाही हालला. असे चोर मीनं पाहिले नाहीत."

मी कंपनीला शिव्या देत लग्नाच्या कोपऱ्यात गेले. भिंतीवर खिळा होता, सूप नव्हतं.

काका मागे येऊन उभे राहिले. "ते मीनंच देलो. शनिवारी बुरडाकडून सुपं आली नोती. बस्ता तर तसाच कसा द्यायचा? भिंतीवरचं काढलं, हळदीची बोटं लावली अन देलो." मग त्यांनी डोळे मिटून आठवलं. कोणाचा बस्ता, कोणतं गाव, नवरीच्या आईच्या हाताला काय लागलं होतं, सगळं. लग्न सोमवारचंच होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डबीला आपण कुठे आहोत हे ठाऊकच नसतं. ती मांडवात असली तरी आपला नंबरच सांगणार. नंबर म्हणजे गोरेगावचं दुकान, असं मीच लिहून ठेवलेलं होतं. आणि त्या मांडवात या बस्त्यातली आणि आधीच्या बस्त्यांतली, आमचे दुपट्टे घेतलेली माणसं जमलेली.

मी काकांना स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही नवऱ्याच्या गावी गेलो. बिरसीच्या विमानतळाच्या बाजूला आहे ते. वर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं घिरट्या घालत होती. अंगणात नवी नवरी आमच्याच सुपात तांदूळ पाखडत होती, आणि पाठीला डबी जशीच्या तशी होती. नवऱ्याची आत्या ओसरीवर बसली होती. तिने सांगितलं ते असं.

शालूचं सूप मांडवात आलं. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींनी सावधान म्हटलं आणि शंभरेक खिशांतून एका आवाजात हाक आली, या भाऊ, या बाई, आत या जी, लगन हाय काय घरी? भटजी थांबले. पहिल्या रांगेत नवरीचे आजोबा होते, ते आपल्या खिशाकडे पाहून म्हणाले, "हाय नं. दिसून नाही राहिलं काय?" मग माणसं उठली, बसली, मध्ये आली, बाजूला झाली, आणि चार तास हाका चालू राहिल्या. जेवणाच्या पंगतीत तर कोणाला वाढायला बोलावून राहिले तेच समजेना.

"आमाले वाटलं, विमानाच्या शाळेवाले बोलवून राहिले," आत्या म्हणाली. मग काकांकडे निरखून पाहिलं. "एक डाव बोला बरं."

"काय बोलू जी?" काका म्हणाले.

"अगंबाई, हे तर तेच व्हय." तिने आत हाक मारली, अर्धी आळी जमली. काकांना पाट मिळाला, पोहे मिळाले, दोनदा चहा मिळाला. मी सुपाची डबी खरवडत एका कोपऱ्यात बसले होते, मला एकदा मिळाला.

 परत येताना काका मागून म्हणाले, "बाई, एका दिवसात एवढ्या लोकायले मी कधी बोलावलो नोतो. चांगलं काम करते तुझं यंत्र. हंगाम संपला का मी बसतो घरी."

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटलं. फजिती झाली ती जागेची, यंत्राची नाही, असं मी स्वतःला समजावलं. दुकानात येऊन नवं सूप टांगलं आणि त्याखाली डबी लावली. या वेळी काकांना सांगून लावली.

हंगाम संपायला चार दिवस होते. दुपारी रस्त्यावर गर्दी नव्हती, आणि स्टँडकडून एक माणूस येत होता. काका त्याला पाहून स्टुलावरून उठले, पण हाक मारली नाही. मला राग आला. गिऱ्हाईक समोरून येतं आहे आणि काका गप्प. काका पायरी उतरून खाली गेले, त्या माणसाच्या हातातली पिशवी घेतली आणि काही न बोलता त्याच्या बाजूने चालू लागले. तो जवळ आला तेव्हा मला दिसलं. त्याच्या डोक्याचं मुंडन केलेलं होतं. गळ्यात आमचा फुकटातला दुपट्टा होता, कुठल्या तरी बस्त्यात मिळालेला.

तो पायरी चढला आणि त्याच्या खिशातून काकांचा आवाज खणखणीत आला. "या भाऊ, या बाई, आत या जी. लगन हाय काय घरी?"

त्या माणसाने खिशावर हात ठेवला. "तेरवी हाय," तो फोनला नाही, काकांना म्हणाला. "माय गेली."

काकांनी त्याला आत गादीवर बसवलं, पाणी दिलं. मी आतल्या खोलीत पळाले आणि ॲपमधून तो आवाज काढून टाकायला लागले. तीनदा चुकीचं बटण दाबलं. बाहेर काका त्याला धोतरं दाखवत होते, पांढरी लुगडी दाखवत होते, आणि एवढ्या हळू बोलत होते की मला शब्द ऐकू येत नव्हते. निघाला तेव्हा ते त्याची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत पोचवायला गेले.

परत आले तेव्हा मी सूप खाली घेऊन बसले होते.

"बाई, मी त्याले हाक नोती मारली," काका म्हणाले.

"ठाऊक आहे काका. मी पाहिलं."

"पण आवाज तर माझाच होता." ते स्टुलावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षं त्यांना गप्प बसताना मी पाहिलं असेल, पण गप्प बसूनही ते काम करत असतात हे मला त्या दिवशी कळलं. मला फार लाज वाटली. मी त्यांना म्हटलं, हंगाम संपला तरी तुम्ही या, मला माफ करा आणि या.

"मले येनंच होतं," काका म्हणाले. "तू हो म्हटली होती, मालकानं कुठं म्हटलं होतं?"

बाबांनी गल्ल्यावरून मान वर केली नाही, पण ऐकत होते.

डब्या अजून आहेत. एक गोदामाच्या किल्ल्यांना लावली आहे, कारण बाबा त्या रोज हरवतात. एक नव्या सुपांच्या चळतीला आहे, म्हणजे ती चळत गोदामात कुठे ठेवली ते सापडतं. बाकीच्या दोन लग्नाच्या कोपऱ्यात आपले नंबर सांगत असतात, मुकाट्याने, आणि ज्याला सूट पाहिजे तो फोन काढून पाहतो.

काकांचा आवाज काही पुन्हा भरला नाही. मी कधी नागपूरला जाऊन परत स्टँडवर उतरले तर आता हाक ऐकू येत नाही. दुकान दहा पावलांवर आलं की येते. तेवढी पुरते.