मढचा लिंपलेला गडगा

"ताई, गडग्याला पोट आलंय." धाकट्या बहिणीचं, शालिनीचं, एवढंच पोस्टकार्ड ऐन पावसाळ्यात मुलुंडला आलं आणि मी रजा टाकली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मढला तिच्या घरामागे उतार होता. माती अडवायला जुना गडगा होता, म्हणजे चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचलेली भिंत. फटींतून विंचू येतील म्हणून मे महिन्यात मीच हट्टाने तो सिमेंटने लिंपून घेतला होता. त्याला लागूनच्या खोलीत तिच्या दोन मुली झोपत.

वाटेत अंधेरीला ओळखीच्या तात्यांना बरोबर घेतलं. मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यापासून गवंडीकाम करत. अंधेरीहून बसने वर्सोवा, तिथून खाडी ओलांडायला तर, म्हणजे माणसं नेणारी होडी. तुम्हीही असेच जा, मालाडकडून फार वळसा पडतो. उतरताना चपला हातात घ्या, धक्का निसरडा असतो. मी त्या दिवशी दोनदा घसरले.

तात्यांनी फुगून पुढे आलेल्या गडग्यावर तळहात टेकवला आणि झटकन काढला.

"शिमिट कोणी लावल्यान?"

"मी सांगितलं होतं."

"शिकलेली मा तू? मगे पाणी जातला खंय? आधी चेडवांक भायर काढ!"

मुलींना मी दंडाला धरून अंगणापार नेलं. शालिनी चुलीकडे वळली. "भात करपेल गं!"

"करपू दे! बाहेर हो!"

तात्यांनी वरचे दगड उतरवले, मग बाजूला उभं राहून पायथ्याशी छिन्नी मारली. तिसऱ्या घावाला आत कोंडलेलं गढूळ पाणी पिचकारीसारखं उडालं. आतून घरघर आली. तात्या मागे उडी मारतात तोच मधला भाग कोसळला. एक दगड खिडकी फोडून मुलींच्या अंथरुणावर जाऊन पडला.

भात करपल्याचा वास आला.

तात्यांनी तीन दिवस राहून गडगा पुन्हा रचला. मोठे दगड तळाला, प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर, फटींत चिपा, म्हणजे दगडाचे छोटे तुकडे, सगळा कल मागच्या मातीकडे. चिपा मी वेचून दिल्या.

"आता नाही ना पडणार?"

"पावसात फटीतसून पाणी गळताना दिसला काय खुशाल निजा. सुको दिसलो काय पळा."

मुलुंडला परतल्यावर पहिले काही दिवस मला कुठल्याही भिंतीला पाठ टेकववत नसे. मग दर पावसाळ्यात शालिनीचं कार्ड येऊ लागलं: "पाणी गळतंय." आता ती फोन करते. मुली केव्हाच सासरी गेल्या, तरी जोराची सर आली की तिचं ते वाक्य ऐकल्याशिवाय मी जेवायला बसत नाही. कधी ती पुढे म्हणते, "आणि ताई, आज एक विंचू निघाला."

मी ताट वाढून घेते.