धोंडूकाकांना दुसरी हाक

कांजूरमार्गच्या त्या चाळीत नवा माणूस आला की कुंदाताईंचे दोन प्रश्न ठरलेले. गाव कुठलं, आणि आणलं कुणी? बी. ए. होऊन त्यांनी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली होती. कागदाइतका त्यांचा माणसावर विश्वास नव्हता. त्यामुळे पुनर्विकास निघाला तेव्हा सगळ्यांचे कागद तपासायचं काम त्यांच्याकडेच आलं. पात्र यादीत नाव नाही त्याला नव्या इमारतीत घर नाही.

नऊ नंबरच्या जयवंत राणेवर त्यांचा तीस वर्षं संशय. खोली धोंडू परबांची. ते वारले आणि हा गावाहून आला, म्हणे मी मुलगा! परबांचा मुलगा राणे कसा? शाळेच्या दाखल्यावर तर बापाचं नाव बाबाजी. ताईंनी हरकतीचा अर्ज लिहून ठेवला आणि तोंडावर सांगायचं म्हणून त्याला बोलावलं.

"धोंडूकाका तुझे कोण रे? खरं सांग."

"बाप. पण त्यांचा नाव धोंडू नव्हता, ताई." जयवंत घाबरला की मालवणीवर यायचा. "खरो धोंडू परब गिरणीत बदली कामगार होतो. लावणीक गावाक गेलो, तो परत इलोच नाय. त्याच्या पासावर माझो बाप कामाक लागलो. पासावर फोटो खंय होतो तेव्हा? मग रेशनकार्ड, खोली, सगळा त्याच नावान."

"झकास! एवढं रचायला तीस वर्षं लागली?"

"बापान शपथ घातलेली. त्याका कामाक लावणाऱ्या जॉबराचा नाव बाहेर येयत म्हणान."

"कोण जॉबर?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमचे बाबा."

ताईंचं डोकंच फिरलं. मेलेल्यांच्या अंगावर ढकलून मोकळं व्हायला काय जातंय! "पुरावा आहे?"

"नाय."

"मग नीघ."

तो दारापर्यंत गेला. काहीतरी आणखी सुनावायचं म्हणून त्यांनी हाक मारली, "जयवंत!" तो लगेच वळला.

आणि ताईंना आठवलं. धोंडूकाका पहिल्या हाकेला कधी वळायचे नाहीत. बाबा गॅलरीतून ओरडायचे, "धोंडू! अरे ए धोंडू!" तेव्हा कुठे मान फिरायची. लहानपणी कुंदाने त्यांना बहिरं ठरवून टाकलं होतं; पाटीवर लिहून दाखवायची. ते हसायचे. पण कुल्फीवाल्याची घंटा मात्र रस्त्याच्या टोकाला वाजली तरी त्याच बहिऱ्याला आधी ऐकू यायची. पासष्ट वर्षं हे ताईंना खटकलं कसं नाही?

"बस," त्या म्हणाल्या.

नुसती हरकत फाडून भागणार नव्हतं. धोंडू आणि बाबाजी एकच, असं शपथेवर सांगणारं जुनं माणूस हवं. तसं चाळीत एकच उरलेलं, त्या स्वतः. म्हणजे बाबांची लबाडी आता कागदावर चढणार, तीही मुलीच्या अक्षरात. भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे त्यांनी रागाने पाहिलं. मग लिहायला घेतलं. सहीपाशी पेन थांबलं.

"तो खरा धोंडू. त्याचं कुणी उद्या दारात उभं राहणार नाही ना?"

"नाय ताई. तो गावातच वारलो. पोरबाळ नव्हता."

"चौकशी करीन," असं म्हणून त्यांनी सही ठोकली.