चिठ्ठीवाले मास्तर

मास्तरांना एका जागी उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये कापडाचा रंग जमवणं त्यांच्याकडे होतं, म्हणून ते मास्तर. चहासुद्धा चालत चालत प्यायचे, आणि जाता जाता प्रत्येक ट्रॉलीला रंगाची चिठ्ठी बांधली आहे का, हे बोटांनी चाचपायचे. चिठ्ठी नसली की कापड तिथंच थांबायचं. "कोरी ट्रॉली म्हणजे वाटेल तो रंग द्या, असं नाही," ते कामगारांना म्हणायचे. "जा, विचारून या."

कॉलेज सुटल्यावर मी मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मास्तरही आमच्यासारखेच खानदेशातले, गोडादऱ्यात राहणारे. त्यांना माझं फार कौतुक. "काय माय, मशीन तुझं ऐकतं की तू मशीनचं?" असं दारातून विचारायचे आणि उत्तराला न थांबता पुढं निघून जायचे.

एकदा शेठ म्हणाले, जाहिरातींचे ईमेल बाजूला काढ. मी नियम बनवला: मेल आला की 'जुने' फोल्डरमध्ये टाक. कोणाचे मेल, ती अट उद्या भरू म्हणून रिकामी ठेवली, नियम चालू केला आणि घरी गेले. मला वाटलं, अट नाही तर नियम कोणालाच लागणार नाही. तो सगळ्यांना लागला.

दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा शेठ ओरडत होते. मरून रंग रद्द करा, असा व्यापाऱ्याचा मेल सकाळीच आला होता आणि मास्तरांनी अख्खा लॉट मरून रंगवला होता.

"मी ऑफिसात विचारलं होतं शेठ. मेल नव्हता."

"तो वेपारी जूठुं बोले छे? हवे आवता नहीं!" शेठ गुजरातीत ओरडले. म्हणजे व्यापारी काय खोटं बोलतो, आता कामावर येऊ नका.

मी कॉम्प्युटर उघडला. तो मेल 'जुने'मध्ये पडला होता. काचेतून मास्तर डबा घेऊन जाताना दिसले. मला उठायचं होतं. मी उठले नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी शेठना सगळं सांगितलं. "परत बोलाव त्यांना," म्हणत त्यांनी मास्तरांना फोन लावून माझ्या हातात दिला. मी अडखळत सांगितलं: अटच नाही, म्हणून कोणताही मेल अटीत नापास होत नाही, म्हणून सगळे पास.

"हिशोब बरोबर असेल गं," मास्तर म्हणाले. "पण रिकामं पाहून मशीननं हात आखडायचा, की दोन्ही हातांनी उचलायचं?"

"मास्तर, शेठ परत बोलावतायत."

"भेस्तानच्या मिलमध्ये सकाळीच हो म्हणून आलो. दुसऱ्या मास्तरच्या हाताखाली. शब्द दिला आता." फोनमध्ये त्यांच्या चालण्याचा आवाज येत होता. "सांगितलंस, बरं केलंस. पण काल सांगायचं होतं, माय."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

आता कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी मेल लावणारा प्रोग्राम लिहितेय; त्यात अट रिकामी असली की नियम चालूच होत नाही. तेवढं मला दुरुस्त करता आलं. मी गप्प बसले तो दिवस नाही आला.